बल्क-फिल कंपोझिट: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन दाढांच्या मधली कीड काढल्यावर गेले काही महिने घट्ट पेस्टचं बल्क-फिल कंपोझिट (एकदम जाड थरात भरता येणारं, उजेडाने टणक होणारं दाताच्या रंगाचं रेझिन फिलिंग) वापरतोय. २-२ मिमीचे थर देत बसू नका, एकदम ४ मिमी भरा, असा कंपनीचा दावा. तो खोटा नाही, पण निम्मा भरवसा ते टणक (क्युअर) करणाऱ्या लाइटवर आहे.

लाइटचं टोक कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) अडतं आणि बॉक्सचा, म्हणजे दोन दाढांमधल्या कोरलेल्या खड्ड्याचा तळ बऱ्याचदा ६-७ मिमी खाली असतो. तिथे पोहोचेपर्यंत उजेडाचा जोर ओसरलेला असतो. रेडिओमीटरवर (लाइटचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा १००० मिलीवॅट प्रति चौ. सेंमीच्या खाली दिसला तर ४ मिमीच्या भानगडीत पडूच नये. वरून २० सेकंद, मग मॅट्रिक्स (फिलिंगला आकार देणारी दाताभोवतीची पातळ पट्टी) काढून गालाकडून आणि आतल्या बाजूने पुन्हा २०-२० सेकंद, असा माझा हिशेब. टोकावर वाळलेलं कंपोझिट चिकटलेलं असेल तर सगळं मुसळ केरात. खोली पेरिओ प्रोबने (मिमीच्या खुणा असलेल्या सळईने) मोजा, नजरेला ५ मिमीसुद्धा ४ वाटते. तळ कच्चा राहिल्याचं वरून कळतही नाही, एक्सप्लोररला (टोकदार तपासणी सळईला) पृष्ठभाग टणकच लागतो.

बाँडिंगमध्ये, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवण्यात शॉर्टकट नाही. इनॅमलच्या (दाताच्या वरच्या कठीण थराच्या) कडांना ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद, नीट धुणं, मग युनिव्हर्सल बाँड (चिकटवणारं द्रव) २० सेकंद घासून लावणं. द्रवाची हालचाल थांबेपर्यंत हवा मारायची आणि १० सेकंद क्युअर. हवा कमी पडली की सॉल्व्हंट आत राहतो, बाँड कच्चा पडतो आणि पेशंट 'चावताना कळ येते' म्हणत परत येतो. आधीचं तात्पुरतं सिमेंट युजेनॉलचं (लवंगेच्या तेलातल्या घटकाचं) असेल तर डेंटिन (इनॅमलखालचा थर) आधी खरवडून स्वच्छ करा, युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही.

पेस्ट घट्ट असल्याने बॉक्सच्या कोपऱ्यात हवा अडकते. तळाला अर्धा मिमी फ्लोएबल (पातळ, वाहतं कंपोझिट) पसरून क्युअर करायचं, मग पेस्टच्या कॅप्सूलचं टोक तळाला टेकवून भरत भरत वर यायचं. फ्रिजमधली कॅप्सूल तासभर आधी बाहेर काढलेली बरी, गार पेस्ट भिंतीला बसत नाही, इन्स्ट्रुमेंटलाच चिकटून वर येते.

उणीव रंगात. उजेड खोलवर जावा म्हणून हे जास्त पारदर्शक ठेवतात, त्यामुळे जुनी चांदी (अमाल्गमचं फिलिंग) काढलेल्या काळपट दाढेत फिलिंग राखाडी दिसतं. हसताना दिसणाऱ्या उपदाढेत वरचे २ मिमी नेहमीच्या कंपोझिटचेच द्यावेत.

कॉन्टॅक्ट, म्हणजे शेजारच्या दाताला फिलिंग घट्ट टेकणं, हा वेगळाच विषय. चांदी दाबून भरताना मॅट्रिक्स शेजारच्या दाताकडे सरकायचं, कंपोझिट कितीही घट्ट असलं तरी ते काम करत नाही. सेक्शनल मॅट्रिक्स (एकाच बाजूची छोटी पट्टी), वेज (फटीतली पाचर) आणि दात किंचित दूर सारणारी रिंग हवीच, नाहीतर फिलिंग शाबूत आणि फटीत मेथीची भाजी. थरांचा वाचलेला वेळ मी इथेच घालतो.

हिरडीखाली कड सिमेंटमवर (मुळावरच्या थरावर) गेली असेल आणि रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) बसत नसेल, तर मात्र हे वापरू नये. तिथे धरायला इनॅमल नाही, त्यात लाळ-रक्त. अशा तळाला आधी रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर (दाताला स्वतःच चिकटणारं सिमेंट) आणि त्यावर कंपोझिट, हेच जास्त टिकाऊ.