हॉलमध्ये रेन्वाची 'ओडालिस्क' लावायची की मादाम स्तोरा?

दोन्ही चित्रं १८७० ची, दोन्ही फ्रेंच चित्रकार रेन्वाचीच, दोन्हीत अल्जेरियन पोशाखातली बाई, त्यामुळे प्रिंट घ्यायची म्हटलं की गोंधळ होणारच.

'ओडालिस्क', म्हणजे हरममधली दासी, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गंमत म्हणजे यातली बाई अल्जेरियाची नाहीच, ती लीझ त्रेओ, रेन्वाची त्या काळातली मैत्रीण आणि नेहमीची मॉडेल. रेन्वा स्वतः अल्जेरियाला पहिल्यांदा गेला १८८१ मध्ये! म्हणजे हे सगळं पॅरिसमध्ये बसून, देलाक्रुआ या आधीच्या फ्रेंच चित्रकाराचं १८३४ चं अल्जीयर्सच्या बायकांचं चित्र डोक्यात ठेवून केलेलं. पण काय रंगवलंय, जरीचं कापड, गालिचा, अर्धवट मिटलेले डोळे, बघत राहावं असं. फक्त ती उशांना टेकून अशी पसरलीये की सासरची मंडळी आली की तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल, आमच्याकडे तर नक्कीच झालं असतं.

मादाम स्तोराचं चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या लीजन ऑफ ऑनर म्युझियममध्ये. ही मात्र नावगाव असलेली बाई, अल्जेरियातल्या ज्यू घराण्यातली, नवरा पॅरिसमध्ये पौर्वात्य वस्तूंचा व्यापारी. ती नीट बसलीये, कुणाच्या स्वप्नातली दासी वगैरे नाही, पोर्ट्रेटसाठी बसलेली बाई आहे, आणि ब्रशचे फटकारे इतके मोकळे की पुढचा इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रंग मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणारा, रेन्वा इथेच दिसायला लागतो (पहिलं इम्प्रेशनिस्ट प्रदर्शन १८७४ चं, म्हणजे अजून चार वर्षं होती). पुढे हे चित्र मोनेकडे, म्हणजे रेन्वाच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकार मित्राकडे होतं, आता मोनेने ठेवून घेतलं म्हटल्यावर आपण काय बोलणार.

मला विचाराल तर स्तोरा. 'ओडालिस्क'मध्ये कसब जास्त आहे हे मान्य, पण रोज चहा पिताना समोर असायला मला ती बसलेली बाईच आवडेल.

अर्थात भिंत कुठली ते आधी बघा. 'ओडालिस्क' आडवं आहे, मूळ साधारण ६९ बाय १२३ सेंमी, सोफ्याच्या वर मस्त बसेल. शिवाय नॅशनल गॅलरीच्या साईटवरून मोठी इमेज फुकट डाउनलोड होते. स्तोरा उभं आहे, दोन खिडक्यांमधल्या चिंचोळ्या जागेतही मावेल. आणि कुठलंही घेतलंत तरी मॅट पेपर सांगा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्राऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं.