जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट की अँटिएक्स?

दोन्ही विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. आधी रॅम आणि प्रोसेसर बघा. प्रोसेसर ६४-बिट असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर फार विचार न करता लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या. २ जीबीवरही ती चालते, पण ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की मशीन धापा टाकू लागते. (खरा खादाड ब्राउझरच असतो, सिस्टिम नव्हे.)

विंडोजमधून येणाऱ्याला मिंट ओळखीचं वाटतं: खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे वाय-फाय आणि घड्याळ. जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांना मात्र ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टिथरिंग (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

रॅम १ जीबी किंवा प्रोसेसर ३२-बिट असेल, तर मिंट २२ बाद. तिथे अँटिएक्स २३. ती २५६ एमबीवरही सुरू होते. किंमत मोजावी लागते ती सोयीत: तिच्यातल्या आइसडब्ल्यूएम या हलक्या विंडो मॅनेजरचा डेस्कटॉप रुक्ष आहे, सेटिंग विखुरलेली आहेत आणि ३२-बिटवर क्रोम मिळत नाही.

दोन्ही आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून पाहा. आवाज, वाय-फाय, झाकण मिटून उघडणं तपासा. इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ निवडलंत तर जुने फोटो गेलेच म्हणून समजा, बॅकअप आधी. मिंट चालू शकणाऱ्या मशीनमध्ये हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवलीत, तर मिंटच पुरे.