१९३५ चा ‘मोनोपोली’ संच घेण्याआधी चान्सची कार्डं बघा

लिलावाच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘पार्कर ब्रदर्स, १९३५, पहिली आवृत्ती’. पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने जागा खरेदी करण्याचा हा पटावरचा खेळ चार्ल्स डॅरोकडून विकत घेतला ते हेच वर्ष, म्हणून त्या वर्षाच्या संचाला संग्राहक भरपूर पैसे मोजतात. फोटोत टायटल डीडच्या, म्हणजे जागेच्या मालकीच्या कार्डांवर ‘१९३५’ स्पष्ट दिसत होतं. पण ते वर्ष कॉपीराइटचं. पुढे कित्येक दशकं ते तसंच छापलं गेलं, त्यामुळे त्यावरून संचाचं वय ठरत नाही.

हे ठाऊक असल्यामुळेच मी चान्स आणि कम्युनिटी चेस्टच्या, म्हणजे खेळताना उचलायच्या सूचनांच्या कार्डांचे वेगळे फोटो मागवले. १९३५ च्या कार्डांवर नुसता मजकूर असतो. उंच टोपीच्या, मिशीवाल्या काकांचं चित्र १९३६ पासून आलं. विक्रेत्याने लगेच फोटो पाठवले. कार्डं साधी, चित्र नाही. मी तीनशे डॉलर भरले.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी घरी खोकं आलं, तर कार्डांवर मिशीवाले काका! सोंगट्यांत स्कॉटी कुत्रा, जो १९५० च्या दशकातला. पटावर पेटंट क्रमांक २,०२६,०८२. हे पेटंटच मिळालं ३१ डिसेंबर १९३५ ला, म्हणजे तो आकडा असलेला संच त्यानंतरचाच. मला दाखवलेले फोटो दुसऱ्याच संचाचे होते.

लहानपणी आम्ही ‘व्यापार’ खेळलो, आणि आता ज्या अटलांटिक सिटीचे रस्ते मूळ पटावर आहेत, ती आमच्याच न्यू जर्सीत. त्या पहिल्या वर्षाचा संच घरात असावा असं फार वाटत होतं. म्हणूनच हा माणूस असा खेळला याचा संताप येतो.

विक्रेता म्हणाला, जुनी वस्तू परत घेत नाही. लिलावाच्या संकेतस्थळाने कळवलं की कार्डांवर १९३५ छापलेलं आहे, तेव्हा वर्णन बरोबर आहे. कार्डांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले, त्यावर उत्तर नाही.

तेच फोटो आता वेगळ्या नावाने पुन्हा लावलेत. खूण सांगतो: बोर्डवॉक या जागेच्या कार्डाच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग, खाली हिरव्या चौकटींची चादर. कोणाकडूनही घेताना चिठ्ठीवर तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहून, ती चान्सच्या कार्डांशेजारी ठेवून फोटो काढायला सांगा. संच खरोखर हाताशी असेल तर याला दोन मिनिटंही लागत नाहीत.