रत्नागिरीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातला बिगुलाचा बिल्ला

‘डरहॅम लाइट इन्फंट्री’ या ब्रिटिश पायदळ पलटणीचा, पहिल्या महायुद्धातला म्हणून विकतात तो टोपीचा बिल्ला नकली आहे. अस्सल बिल्ला ठशाने दाबलेला असतो, त्यामुळे पाठीमागे बिगुलाचा उलटा खोलगट आकार दिसतो. इथे पाठ सपाट, बिगुलाच्या दोऱ्यांत वाळूसारखे बारीक खड्डे, म्हणजे सरळ ओतकाम. मुकुटाची कमानही मध्ये दबलेली. ती घडण दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातली; पहिल्या महायुद्धात गादीवर राजा होता आणि राजाच्या मुकुटाची कमान गोल असते.

सोबतच्या चिठ्ठीतला इतिहास मात्र चोख: 1839 साली उभारलेली दुसरी बॉम्बे युरोपियन पलटण 1862 मध्ये 106वी झाली आणि 1881 मध्ये 68व्या पलटणीला जोडून डरहॅम. इराणमधल्या बुशायरच्या लढाईचा मान (निशाणावर त्या लढाईचे नाव मिरवण्याचा हक्क) तिच्यामुळेच डरहॅमकडे गेला. चिठ्ठी ठेवा, बिल्ला परत करा.