बीएस-६ ट्रेलर, ८ महिने, ४८,००० किमी : दोष युरियाचा कमी, बॅटरी कटऑफचा जास्त

४० टनी घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा भाग), बीएस-६ फेज २, नाशिक ते न्हावाशेवा कंटेनर. पिकअप, केबिन, क्लच यांबद्दल तक्रार नाही, त्यामुळे ते सोडून देतो. हा सगळा अनुभव निळ्या झाकणाच्या टाकीचा, म्हणजे डीईएफचा आहे : एक्झॉस्टमधला विषारी नॉक्स वायू कमी करायला तिथे फवारलं जाणारं युरियाचं पाणी, ज्याला ढाब्यावर नुसतं युरिया म्हणतात.

आधी पैशाचं. ८ महिन्यांत डिझेल १३,७०० लिटर, डीईएफ ६१० लिटर, म्हणजे डिझेलच्या साडेचार टक्के. ६० रुपये लिटरने ३६,६०० रुपये, किलोमीटरला ७६ पैसे. तेवढ्याच अंतराचं डिझेल बारा लाखांच्या वर जातं. "युरियाने धंदा बसवला" असं ढाब्यावर रोज ऐकू येतं, पण हिशोब तसं सांगत नाही. धंदा बसतो तो गाडी उभी राहिल्यावर.

आणि ती राहिली. डोसिंगचा, म्हणजे डीईएफच्या फवारणीत बिघाड असल्याचा इशारा लागला, गाडी तशीच चालवली, आणि कसारा घाटाच्या चढाला टॉर्क (इंजिनची ओढ) कापला गेला. नियमच तसा आहे : इशाऱ्यानंतर इंजिन साधारण १० तास चाललं की टॉर्क चौथाईने कमी, २० तासांनंतर ताशी २० किमीची वेसण. भरलेला कंटेनर घेऊन २० च्या वेगाने चालणं म्हणजे मागच्या सगळ्यांच्या शिव्या खाणं. सर्व्हिसवाल्यांनी गाडी न उघडता डीईएफ पंपाचं अख्खं मॉड्यूल बदलायचा अंदाज दिला, लाखाच्या घरातला. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनने त्याच्या दहाव्या हिश्शात "डब्बी", म्हणजे डीईएफ न फवारताही सगळं ठीक असल्याचं गाडीला भासवणारा एम्युलेटर, बसवून देतो म्हटलं.

पहिल्या ४ महिन्यांचं मत होतं की बादलीतलं डीईएफ भेसळीचं आहे. शंका उगाच नव्हती. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीईएफमध्ये युरिया वजनाने ३२.५ टक्के, बाकी खनिजमुक्त पाणी. म्हणजे एका गोणीत १२५ लिटरच्या वर माल निघतो, मग कोणाला मोह होणार नाही? पण त्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो आणि बाययुरेट ही अशुद्धी १.५ टक्क्यांपर्यंत चालते. डीईएफमध्ये ती ०.३ च्या वर नको. शिवाय बोअरचं पाणी घातलं तर त्यातले क्षार थेट नॉक्स मोडणाऱ्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसतात.

म्हणून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात युरिया किती टक्के आहे ते दाखवणारा मापक, घेतला. ३१.८ ते ३३.२ मध्ये रीडिंग आलं की माल पास. आता त्याबद्दलचं मत बदललंय : तो फक्त पाणी जास्त आहे का तेवढंच सांगतो. गोणीचा युरिया नीट मापून घोळला तर तोही ३२.५ दाखवेल. तेव्हा सीलबंद बादली किंवा पंपावरचं सुटं, आणि नरसाळं प्लास्टिकचं. पितळ, तांबं, गॅल्व्हनाइज्ड पत्रा लावू नका. बादल्या उन्हात ठेवू नका. ३५ अंशांत माल जेमतेम ६ महिने टिकतो, खानदेशच्या मे महिन्यात त्याहून कमी.

खरी चूक मात्र वेगळीच निघाली. चावी बंद केल्यावर पंप लाइनमधलं डीईएफ मागे टाकीत ओढून घेतो. त्याला साधारण २ मिनिटं लागतात, घरघर ऐकू येते. आपल्याकडची सवय अशी की चावी काढली, उतरलो, लगेच बॅटरी कटऑफ (बॅटरीचा मुख्य स्विच) खटकन खाली. पंप अर्ध्यातच मरतो, लाइनमधलं डीईएफ सुकतं, पांढरे खडे होतात. रोज दोन-तीनदा असं ४ महिने झालं तर डोसर (डीईएफ फवारणारा भाग) तुंबणार नाही तर काय?

इलाज स्वस्तात झाला. पांढरा खडा कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळतो. डोसर काढून भिजत ठेवला, लाइन धुतली, तारेचा ब्रश लावला नाही. खडा पिवळट-तपकिरी, दगडासारखा असेल तर तो पाण्याने जात नाही, तिथे भाग बदलणं आलं. पंप तोच आहे आणि चालतोय.

डब्बीवाल्यांसाठी : डोसरची नळी एक्झॉस्टच्या आचेत असते आणि आतून वाहणारं डीईएफ तिला थंड ठेवायला मदत करतं. डब्बी लावून डोसिंग बंद केलं की नळी भाजते, पंपातलं उरलेलं सुकतं. परत मूळ स्थितीत आणायचं तर वाचवलेले ७६ पैसे व्याजासह जातात, वॉरंटी वेगळीच. पीयूसीत फक्त धूर मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत, म्हणून अशी गाडी सुखाने पास होते. नियमातली ही फट लाजिरवाणी आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए(४)खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-४ ला नॉक्सची मर्यादा ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास होती, आता ०.४ च्या आसपास; हा फरक मुख्यतः एससीआर, म्हणजे डीईएफची ही यंत्रणाच भरून काढते.

डीपीएफचं, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, थोडक्यात. बंदराच्या रांगेत तासन्‌तास आयडलिंग झालं की एक्झॉस्ट २०० अंशांवर जात नाही आणि काजळी साठते. रांग सुटल्यावर हायवेला सलग अर्धा-पाऊण तास लोडवर चालवा, बहुतेक वेळा भागतं. उभ्याने रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करायचं तर वाळलं गवत, लोंबती ताडपत्री बघा. आत ६०० अंश असतात. इंजिन ऑइल सीके-४ दर्जाचंच. जुन्या सीआय-४ प्लसमध्ये राख जास्त, आणि राख रिजनरेशनने जळत नाही.

गाडीला पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला कारण कटऑफशेजारी "थांबा" सांगणारा एक दिवा कंपनीला सुचला नाही. उरलेला एक त्या लाखाच्या अंदाजपत्रकाचा.