दोन तुकड्यांचा लेड-फ्री ॲप्रन: पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या सी-आर्म ऑपरेटरने वापरून लिहिलेलं

एक्स-रेच्या रेडिएशनपासून अंग वाचवायला आम्ही जो जड ॲप्रन घालतो, त्याचा हा रिव्ह्यू. आधी निकाल सांगून टाकते. पाचपैकी चार. अर्धा गुण खिशाने खाल्ला, अर्धा वेल्क्रोने.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. सकाळी ओपीडीच्या प्लेट्स, मधेच आयसीयूतला पोर्टेबल एक्स-रे, आणि उरलेला दिवस ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सी-आर्मवर. कागदावर पद काहीही असो, ओटीत मी 'ऑपरेटर ताई'. ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा मोठा लोखंडी हात, एका टोकाला एक्स-रे ट्यूब, दुसऱ्या टोकाला चित्र पकडणारा डिटेक्टर, मधे टेबलावर पेशंट. खुब्याच्या हाडात सर्जन सर नेल, म्हणजे धातूची सळई, घालत असतात आणि मला हुकूम येत असतात. "एपी." "लॅटरल." "डोकं दाखव." "सेव्ह कर." एपी म्हणजे समोरून, लॅटरल म्हणजे बाजूने, डोकं म्हणजे मांडीच्या हाडाचं. त्या हुकमांबरोबर मी तो हात फिरवते, लॉक करते, चित्र सुलटं करते. एक्सपोजरच्या वेळी सिस्टर दोन पावलं मागे जाते, ॲनेस्थेशियाचे डॉक्टर मशीनच्या आड होतात. मला फार लांब जाता येत नाही, कारण पुढचा हुकूम लगेच येणार असतो.

एवढं सांगितल्याशिवाय ॲप्रनचा रिव्ह्यू कळणार नाही. ओटीत आपल्याकडे येणारं रेडिएशन मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरून येतं. म्हणून आम्ही शक्यतो ट्यूब टेबलाखाली ठेवतो, म्हणजे जास्तीचा विखुरलेला भाग खाली पायांकडे जातो आणि तोंडाकडे कमी येतो. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. पण लॅटरलसाठी हात आडवा केला की ट्यूब टेबलाच्या बाजूला येते, आणि तो हात फिरवायला मीही बाजूनेच उभी असते. म्हणजे माझी कूस पेशंटकडे.

आता हॉस्पिटलचा ॲप्रन. पुढून ०.५ मिमी शिसं, मागून नुसते पट्टे, एकच तुकडा, एकच साइज. ती साइज सहा फुटी माणसाची. माझ्यावर तो पावलांपर्यंत येतो आणि बगलेचं भोक जवळजवळ कमरेपर्यंत उघडं राहतं. नेमकी जी बाजू मशीनकडे असते ती मोकळी, आणि बायकांच्या छातीचा वरचा बाहेरचा भाग तिथेच असतो. सिस्टरशी बोलायला वळलं की पाठही उघडी. स्टोअरमध्ये तक्रार केली तर उत्तर, "मॅडम, शिसं तर आहे ना त्यात?" आहे. माझ्या गुडघ्यांना उत्तम संरक्षण आहे.

यावर कोणी म्हणेल, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज असतो की. असतो. छातीवर लावायची ती छोटी पेटी, आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. तीन महिन्यांनी तपासायला जाते आणि आकडा येतो. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. माझा आकडा त्याच्या आसपासही नसतो, खोटं कशाला बोलू. पण बॅज लावायचा ॲप्रनच्या आत, छातीवर, म्हणजे शिशाच्या बरोब्बर मागे. बगलेत काय शिरतंय ते त्याला कसं कळणार? रिपोर्ट चांगला आला की ॲडमिन खूश, आणि ॲप्रनच्या मापाचा विषय तिथेच संपतो. म्हणून स्वतःच्या पैशांनी घ्यायचं ठरवलं.

प्रिन्सेस स्ट्रीटवर सर्जिकल मालाची बरीच दुकानं आहेत. मी सीएसएमटीला उतरून लोहार चाळीच्या गर्दीतून चालत गेले. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या मालात शिवणारा बदलला की तेच लेबल दुसऱ्याच कापडावर येतं, त्यामुळे नावापेक्षा काय तपासायचं ते लिहिलेलं बरं. गल्ल्यावरचे काका गुजराती, मराठी फर्मास. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "बेन, तुम्हाला स्मॉलपण मोठा होणार. शिवूनच घ्या." बहुतेक दुकानदार स्मॉल गळ्यात मारून मोकळे झाले असते, म्हणून इथे काकांना पूर्ण गुण. त्यांच्याकडच्या मुलीने माप घेतलं: खांद्यापासून कमरेपर्यंत, छाती, बगल, कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत. बगल घट्ट ठेवा, पण हात डोक्यावर गेला पाहिजे, असं मी दोनदा सांगितलं. सी-आर्म ढकलताना हात वर जातोच.

मग सामानाचा प्रश्न. आत रबरासारखी शीट असते, तिच्यात शिशाची पूड. लेड-फ्रीमध्ये शिशाऐवजी बिस्मथ, अँटिमनी, टंगस्टन, कथील अशांची मिश्रणं. वजन कमी होतं, आणि जुना ॲप्रन टाकताना शिशाचा कचरा होत नाही. पण एक मेख आहे. लेबलवर 'लेड इक्विव्हॅलंट ०.५ मिमी', म्हणजे ०.५ मिमी शिशाइतकं रोखणारं, असं लिहिलेलं असतं, ते कुठल्या केव्हीला, म्हणजे ट्यूबच्या किती किलोव्होल्टला, मोजलं हे विचारायलाच हवं. शिशाच्या तुलनेत दुसऱ्या धातूंची रोखण्याची ताकद केव्हीनुसार कमी-जास्त होते. बारीक मनगटाला मशीन कमी केव्हीवर चालतं, जाड माणसाच्या खुब्याच्या लॅटरलला ऑटोमॅटिक चढत जातं. एकाच आकड्यावर दोन्हीचा भरवसा ठेवता येत नाही. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "सगळे डॉक्टर हेच नेतात." मी म्हटलं, "काका, डॉक्टर नेतात ते राहू द्या, सर्टिफिकेट दाखवा." आतून झेरॉक्स आली. त्यावर १०० केव्ही आणि अशा संरक्षक साधनांसाठीचं आयईसी ६१३३१ हे आंतरराष्ट्रीय मानक लिहिलं होतं. ते नसतं तर परत फिरले असते. तुम्हीही फिरा.

मी घेतला तो वेस्ट (बिनबाह्यांचं जाकीट) आणि स्कर्ट असा दोन तुकड्यांचा, अंगाभोवती पूर्ण गुंडाळायचा. मागे ०.२५ मिमी, आणि पुढे एकावर एक दोन पदर येतात म्हणून ०.५. पुढचे पदर नीट एकमेकांवर आले नाहीत तर तुमच्या पोटासमोर फक्त ०.२५ उरतं, हे विकताना कोणी सांगत नाही. वजन वाढलं किंवा कमी झालं की पदर सरकतात. पोटुशा सहकाऱ्यांनी तर हे रोज बघावं, कारण गरोदरपण कळवल्यावर बाळासाठीची मर्यादा उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट एवढीच असते. स्कर्टला कमरेत जागा सोडून शिवता येतं, आधी सांगा.

किंमत सोळा हजार पाचशे, पक्क्या बिलासकट. हे पैसे हॉस्पिटलने द्यायला हवेत, संरक्षणाची साधनं पुरवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. बिल दिलंय, 'बघू' म्हणालेत.

हातात आल्यावर पहिली गोष्ट केली ती तपासणी. ॲप्रन सी-आर्मच्या टेबलावर पसरला, खाली ट्यूब, मी काचेच्या पडद्यामागे, आणि स्क्रीनिंग करत, म्हणजे पडद्यावर चालू एक्स-रे बघत, एकेक भाग पाहिला. इथे मशीन ऑटोवर ठेवू नका. समोर जड धातू दिसला की ते बिचारं आणखी जोर लावत बसतं. मॅन्युअल केव्ही लावा. चीर किंवा भोक असेल तर काळ्यावर पांढरी रेघ दिसते, किंवा तुमच्या मशीनच्या सेटिंगप्रमाणे उलट. माझा स्वच्छ निघाला, फक्त खांद्याच्या शिवणीपाशी शीट दुमडलेली दिसली, ती दुकानाने बदलून दिली, कटकट न करता. मग हौस म्हणून हॉस्पिटलचा जुनाही तपासला. कमरेपाशी आडवी चीर, बोटभर. तो घडी घालून ठेवतात ना, तिथेच. फोटो काढून रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना दिला, तो ॲप्रन त्याच दिवशी बाद झाला. बिल मंजूर व्हायला मात्र अजून मुहूर्त नाही.

वापरताना काय वाटतं? वजन स्टोअरच्या काट्यावर केलं: जुना सहा किलोंच्या वर, हा दोन्ही तुकडे मिळून साडेचारच्या आसपास. पण खरा फरक त्या दीड किलोचा नाही. जुना सगळा खांद्यांवर लटकायचा, याचा स्कर्ट कमरेवर बसतो. तीन केसेसची लिस्ट संपल्यावर मानेखाली जी कळ यायची ती आता येत नाही. बगल मापाची असल्याने लॅटरलला उभं राहताना अंग चोरावं लागत नाही. स्कर्टचा पट्टा ओटी पायजम्याच्या नाडीच्या गाठीवर दाबतो, तेवढी गाठ बाजूला मारा. उकाडा होतो, पूर्ण गुंडाळलेला असल्यामुळे जुन्यापेक्षा जास्त. ओटीचा एसी बंद पडला त्या दिवशी मी इडलीसारखी वाफवून निघाले.

रंग मरून घेतला. दुकानातल्या मुलीने गुलाबी फुलांचं कापड दाखवलं होतं, छान होतं, पण ऑर्थोत बेटाडीन कुठे उडेल सांगता येत नाही. मरूनवर डाग दिसत नाही. साध्या साबणाच्या पाण्याने पुसायचा, ब्लीच नाही, वॉशिंग मशीन नाही, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) तर नाहीच. पावसाळ्यात ओला ठेवू नका, मुंबईच्या हवेत दोन दिवसांत कुबट वास येतो. आणि हँगर जाड दांड्याचा घ्या. आमचे ओटीतले मामा प्रेमाने साडीसारखी घडी घालून कपाटात ठेवायचे. आता हँगरवर चिठ्ठी लावलीय: "मामा, घडी नको, टांगा." टांगतात.

आता कापलेले गुण. छातीवर बाहेरच्या बाजूने बॅजसाठी ऐटबाज खिसा शिवलाय, वर नाव भरतकामाने. आपल्याकडे एकच टीएलडी, तो आत लावायचा, मग हा खिसा कोणासाठी? नवीन मुलं खिसा दिसला की बॅज त्यात घालतात, आणि तीन महिन्यांनी वाढलेला आकडा आला की खुलासे देत बसतात. मी काकांना म्हटलं खिसा आत शिवा. म्हणाले, "पॅटर्न बाहेरून येतो बेन." मी त्यात पेन ठेवते. दुसरं, खांद्याचं वेल्क्रो. ओटीतला कापूस, गॉजचे दोरे, टोपीखालून सुटलेले केस, सगळं त्यात अडकतं आणि पकड सैल होते. दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने साफ करावं लागतं. कमरेला बक्कल आहे तसं खांद्यालाही हवं होतं. ऑर्डर देतानाच बक्कल मागा, मिळतं असं मला नंतर त्या मुलीने सांगितलं.

सोबतची थायरॉइड कॉलर, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी झाकणारा पट्टा, मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. शिवणारा तोच, पण काठ कडक, मान वाकवली की हनुवटीला घासतो, आणि गळ्याशी पुढे दोन बोटं फट राहते, जी झाकायलाच कॉलर असते. मी ती परत केली आणि सध्या हॉस्पिटलचीच वापरते. तिच्या आत रोज स्वच्छ रुमाल घालून, कारण ती बाराजण घालतात.