ट्रेलर की व्हॅन? कायमचं राहायचं असेल तर

गाडीमागे ओढून न्यायच्या, घर केलेल्या ट्रेलरचं मोठं सुख म्हणजे तो मुक्कामी उभा करून गाडी मोकळी करता येते. औषध आणायला अख्खं घर घेऊन जावं लागत नाही. घर केलेल्या व्हॅनमध्ये मात्र ते न्यावंच लागतं, तेही आधी सगळी भांडी आवरून. शिवाय व्हॅन गॅरेजमध्ये गेली की घरही गॅरेजमध्ये!

पण ट्रेलर वजनाचा हिशेब मागतो. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा लागतो. सामान मागे कोंबलं, तर वेगात तो शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो, आणि हे फार धोक्याचं. १०० लिटर पाणी म्हणजेही १०० किलो. मी तरी पुस्तकांची खोकी सगळ्यात आधी काढेन. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं, ते वेगळंच.

व्हॅन अरुंद जागेत शिरते, रात्री खाली न उतरताही निघता येतं. सामानाला मात्र आणखी कात्री. ओल धरण्याचा त्रास दोन्हीकडे.

महिनोन्‌महिने एका जागी राहणार असाल तर ट्रेलरच घ्या. दर दोन दिवसांनी हलणारा माणूस जोडता-सोडवताच कंटाळेल.